बाकी ठीक

माझ्या घरमालकांनी मला खोली दाखवण्याआधी माझी चप्पल उलटी करून पाहिली होती. मी दारात दोन बॅगा घेऊन उभी, आणि हे उंच, काटकुळे गृहस्थ जिन्याच्या पायरीवर बसून माझ्या चपलेचा तळ उन्हात धरून न्याहाळत होते.

"टाच बाहेरून झिजली," ते म्हणाले. "जिना धाडधाड उतरतेस तू. वरची खोली देतो, पण कठडा धरून उतरायचं. बाकी ठीक."

मला कळेना की खोली मिळाली का नाही. तेवढ्यात आतून काकू पदराला हात पुसत आल्या आणि हसून म्हणाल्या, "ये गं आत. 'बाकी ठीक' म्हणाले म्हणजे पास झालीस. मला पाहायला आले तेव्हाही एवढंच म्हणाले होते."

मी सांगलीची. वनस्पतींवर काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरी लागली म्हणून लखनौला आले. ओळखीच्या ओळखीतून कळलं की मानक नगरच्या रेल्वे कॉलनीमागे एका मराठी माणसाचं घर आहे, वरचा मजला रिकामा आहे, फक्त माणूस जरा विचित्र आहे. हा 'जरा' ज्याने शोधून काढला त्याला मी नंतर बरेचदा मनातल्या मनात हात जोडले.

काका मूळचे नागपूरचे. रेल्वेच्या संशोधनात सगळी नोकरी गाडीच्या ब्रेकवर काढलेली. तीस-पस्तीस वर्षं रोज कशात काय चुकलंय ते शोधायचं आणि त्याखाली शेरा लिहायचा, हेच काम. निवृत्त झाल्यावर ब्रेक सुटले, शेरे राहिले. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक छोटी स्पिरिट लेव्हल असायची, ती पिवळट पाण्यातल्या बुडबुड्यावरून सपाटी दाखवणारी. हॉटेलात गेलो तर आधी टेबलावर ती ठेवायचे. कुणाकडे सत्यनारायणाला गेलो तर चौरंगावर. गल्लीतला सब्जीवाला त्यांना लांबून बघूनच कपाळाला हात लावायचा. "अंकल जी, लौकी है, रेल का डिब्बा नहीं है," तो म्हणायचा. काका दुधी उलटापालटा करून म्हणायचे, "भैया, इधर से दबी हुई है. बाकी ठीक." आणि तोच घ्यायचे. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, की ज्याच्यात ते खोट काढत ते कधी टाकत नसत. ज्या माणसाशी त्यांना काही देणंघेणं नसे त्याला ते "छान, छान" म्हणून वाटेला लावत.

जूनमध्ये ते मलिहाबादला जाऊन दशहरी आंब्यांची पेटी आणायचे. घरी आल्यावर प्रत्येक आंबा वासाने आणि बोटाने तपासून त्यावर डिंकाने कागदाची चिठ्ठी चिकटवायचे. मंगळवार. बुधवार. शुक्रवार सकाळ. शुक्रवारचा आंबा गुरुवारी खाल्ला तर दिवसभर बोलायचे नाहीत. मी गेले त्याच वर्षी त्यांचे धाकटे भाऊ, बंडूकाका, नागपूरहून आंब्यांसाठी आले होते. ते निवृत्त शाळामास्तर, गोल, हसरे, मोठ्या भावाच्या बरोबर उलटे. दोघं भाऊ अंगणात पाण्याच्या बादलीत आंबे टाकून बसले. बंडूकाका मुद्दाम शनिवारचा आंबा उचलायचे आणि विचारायचे, "दादा, याला पास केलं का बे?" काका त्यांच्या हातावर चापट मारायचे. साठी उलटलेली दोन माणसं कोपरापर्यंत रस ओघळवत हसत होती, आणि काकू मला म्हणाल्या, "वर्षभर हसायचं ते हे चार दिवसांत हसून घेतात."

जाताना बंडूकाकांनी माझा फोन मागून घेतला आणि सोशल मीडियावर स्वतःलाच माझ्या मित्रयादीत घातलं. "मास्तर आहे ना मी," ते म्हणाले, "हजेरीपटात जितकी नावं तितकं बरं वाटते." तेव्हा मला वाटलं, हौशी म्हातारा आहे. पुढे त्या एका नावावर इतकं अडून राहील असं कुणाला वाटणार!

दुसऱ्या वर्षी बंडूकाकांनी नागपुरात घर बांधलं. जन्मभर भाड्याच्या दोन खोल्यांत काढलेल्या माणसाचं पहिलं घर. वास्तुशांतीच्या वेळी काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून या दोघांना जाता आलं नाही. बंडूकाकांनी घराचे अकरा फोटो टाकले. खाली अभिनंदनाची रांग लागली. काकांनी दोन संध्याकाळी भिंग घेऊन ते अकरा फोटो पाहिले आणि मग त्या अभिनंदनांच्या खाली, सगळ्यांच्या देखत, क्रमांक घालून निरीक्षण लिहिलं.

गच्चीचा उतार पाण्याच्या पाइपकडे नसून भिंतीकडे वाटतो. जिन्याची तिसरी पायरी इतरांपेक्षा उंच, ठेच लागेल. जिन्याचा कठडा अंदाजे तीस इंच. छत्तीस हवा, घरात तीन वर्षांची नात आहे. स्वयंपाकघराची खिडकी बाहेर उघडते ती जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कपाळावर. एसीच्या बाहेरच्या पेटीची गरम हवा थेट तुळशीवर. आणि शेवटी, सहा: बाकी ठीक. खाली नाव, हुद्दा, कंसात निवृत्त.

मला त्यांनी अभिमानाने दाखवलं. "आहेर म्हणून शर्टपीस काय कुणीही देते," ते म्हणाले. "हे कोण देईल?"

खरं सांगते, मीही हसले. सगळेच हसले. तासाभरात त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांचा ढीग पडला. कुणी पुतण्याने लिहिलं, 'काकांनी घर नापास केलं!' ते वाक्य नातेवाइकांत फिरलं, बंडूकाकांच्या मुलीच्या सासरी पोचलं, आणि जेवणाच्या पंगतीत त्यांच्या व्याह्यांनी विचारलं म्हणे, "काय मास्तर, नापास घर कसं आहे?"

बंडूकाकांचा एकच फोन आला. काकूंनी स्पीकर लावला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "दादा, घरात बसून शंभर चुका सांगितल्या असत्या तरी ऐकल्या असत्या मी. चौकात कायले सांगितल्या?" फोन ठेवला. त्यानंतर काकांचा फोन त्यांनी उचलला नाही, आणि सोशल मीडियावर काकांना ब्लॉक केलं.

काकांनी त्याच संध्याकाळी आपलं अकाउंट कायमचं बंद केलं, महागडा फोन काकूंच्या कपाटात टाकला आणि एक बटणांचा फोन आणला. शिवाय या विषयावर व्याख्यानंही द्यायला लागले. सकाळी दूधवाल्याला, दुपारी पोस्टमनला, मला तर येता-जाता. "सोडलं म्हणजे सोडलं. डोकं कसं हलकं वाटून राहिलं. तूही सोड." मी फोनवर असले की जिन्यातून आवाज यायचा, "काय पाहून राहिली?"

मात्र रोज संध्याकाळी साडेसातला ते वर यायचे. गच्चीवरची पाण्याची टाकी बघायला. टाकी बघून झाली की माझ्या दाराशी थांबायचे, चष्मा पुसायचे आणि छताकडे बघत विचारायचे, "नागपूर काय म्हणून राहिलं?"

मी फोन काढून बंडूकाकांचं पान उघडायची. बंडूकाका रोज काही ना काही टाकायचे: नातीचा फोटो, कुंडीतली मिरची, शाळेतल्या जुन्या मुलांचा मेळावा. काका दोन्ही हात पाठीमागे बांधून बघायचे, फोनला बोट लावायचे नाहीत. बोट लावलं तर व्रत मोडेल असा काहीतरी हिशोब असावा. "बारीक झाला," म्हणायचे. किंवा "हा शर्ट मीच दिला होता." मग "बाकी ठीक" म्हणून खाली जायचे. मी याला म्हाताऱ्याची लहर समजत होते. माणूस समोर उभा राहून रोज तेच विचारतो आणि आपल्याला काही समजत नाही, इतके आपण हुशार असतो.

माझं मन तेव्हा थाऱ्यावर नव्हतं, हेही खरं. फोन माझ्या हाताला चिकटलेला असायचा. चहा गार व्हायचा, भाजी करपायची, प्रयोगशाळेत रोपांची नोंद करताकरता मी कुणाच्या तरी सहलीचे फोटो बघत बसायची. तीनदा मी सगळं काढून टाकलं आणि तिन्ही वेळा आठवड्याच्या आत परत आले, आधीपेक्षा जास्त. मग एका रविवारी आईचा फोन आला. ती काहीतरी सांगत होती, मी स्पीकर लावून बोटाने वर-वर सरकवत होते. मध्येच मी म्हणाले, "अच्छा? मस्तच की!" मग आई हळूच म्हणाली, "अगं, डोळ्याचं ऑपरेशन करावं लागेल म्हणतायत डॉक्टर. मस्त काय त्यात?"

मला इतकी लाज वाटली की मी त्याच दिवशी अकाउंट कायमचं काढून टाकायला दिलं. महिनाभरात परत फिरलं तर सगळं जागच्या जागी मिळणार होतं, नाहीतर सगळं पुसलं जाणार. मी ठरवलं, आता मागे बघायचं नाही. खाली जाऊन मोठ्या ऐटीत काकांना सांगितलं. मला वाटलं, पेढे वाटतील.

काका चहा पीत होते. बशी खाली ठेवून म्हणाले, "छान. छान."

दोनदा छान म्हणाले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

साडेसातला ते नेहमीसारखे वर आले. टाकीपाशी गेले. बराच वेळ उभे राहिले आणि माझ्या दाराकडे न बघता खाली गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी काकूंना म्हटलं, "टाकी गळतेय का हो? काका फार वेळ बघत असतात."

काकू गव्हातले खडे निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "टाकीला गोळा बसवून चार वर्षं झाली. पाणी भरलं की आपोआप बंद होते. तिच्यात बघण्यासारखं काही नाही."

मी तिथेच पायरीवर बसले. दीड वर्ष माणूस रोज दोन जिने चढून येत होता, आणि मी त्याची एकुलती एक खिडकी बंद करून त्याच्याकडूनच शाबासकी मागायला गेले होते.

त्या संध्याकाळी मी आधीच टाकीपाशी जाऊन उभी राहिले. काका आले, मला बघून गडबडले, आणि उगीच टाकीचं झाकण उचललं.

"काका, मी अकाउंट परत सुरू करते," मी म्हटलं.

"कायले? माझ्यासाठी नको. तुझ्या आईचं ऑपरेशन आहे. ते मोठं."

"पण तुम्ही तर म्हणता सोडलं की डोकं हलकं होतं."

त्यांनी झाकण परत नीट बसवलं. मग म्हणाले, "गाडी धावत असताना एकदम पूर्ण ब्रेक मारला ना, तर चाक जाम होते. गाडी घसरत जाते, थांबते पण. पण जिथे घासलं तिथे ते चाक सपाट होऊन जाते. मग पुढे गाडी कितीही हळू चालव, चाकाचा प्रत्येक फेरा ठक वाजतो. ठक. ठक. आम्ही पोरांना हेच शिकवायचो, हळूहळू दाबा बाबांनो." त्यांनी चष्मा काढला. "तू तीन वेळा तसाच मारला. आणि मी एकदाच, पण असा मारला की रोज ठकठक ऐकून राहिलो. तो माझा भाऊ आहे गं. त्याचं घर मी पाहिलं नाही अजून."

मला रडू आलं. त्यांनाही आलं असावं, पण ते लगेच टाकीकडे वळले.

मग आम्ही दोघांनी मिळून हळूहळू दाबायचं ठरवलं. अकाउंट मी परत सुरू केलं. रीत काकांनी घालून दिली. माझा फोन घरी आल्यापासून काकूंच्या पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात, जुन्या फडक्यात गुंडाळून. वाजला तर ऐकू येईल, पण हाताला लागणार नाही. संध्याकाळी साडेसात ते आठ तो बाहेर काढायचा, खालच्या व्हरांड्यात, काका-काकूंच्या देखत. त्या अर्ध्या तासात काय बघायचं ते बघायचं. लिहायचं मात्र काहीच नाही. ज्याला काही सांगावंसं वाटेल त्याला पोस्टकार्ड.

"पोस्टकार्ड?" मी म्हटलं.

"पेटीपर्यंत चालत जावं लागते. तेवढ्यात निम्मे शेरे आपोआप गळतात," काका म्हणाले.

त्यांनी पहिलं कार्ड अर्थात बंडूकाकांना लिहिलं. 'घर सुंदर आहे. जिना प्रशस्त, फक्त' इथवर आल्यावर काकूंनी कार्ड ओढून घेतलं. "फक्त नको," त्या म्हणाल्या. दुसऱ्या कार्डावर 'तथापि' आलं. तेही गेलं. तिसऱ्यावर काकांनी घाम पुसत लिहिलं, 'निळा रंग आवडला.' जन्मभर चुका लिहिलेल्या माणसाला एक निव्वळ कौतुक लिहायला पाऊण तास लागला. त्यानंतर दर सोमवारी एक कार्ड. खिडक्यांना उजेड चांगला. मिरचीला फुलं छान. नात तुझ्या आईसारखी, म्हणजे आपल्या आईसारखी, दिसते. सोमवारी दुपारी काका छत्री घेऊन टपालपेटीपर्यंत जायचे आणि कार्ड टाकल्यावर पेटीच्या फटीत डोकावून बघायचे.

नागपूरहून उत्तर नाही. आंब्यांचा मोसम आला तेव्हा काकांनी आंब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, आणि शनिवारच्या आंब्यांना कुणी हात लावला नाही म्हणून ते सगळे वेळेवर पिकले. त्या वर्षीचे आंबे कुणालाच गोड लागले नाहीत.

माझं म्हणाल, तर मला ती रीत लागू पडली. मधूनमधून मी डबा उघडलाही, एकदा तर पोळी हवी म्हणून काकूंना फसवलं. पण आईच्या ऑपरेशनच्या दिवसांत मी तिच्याशी तासभर बोलायची आणि तिचा शब्द न् शब्द मला आठवायचा. आज मी पुण्यात आहे, माझ्या पोळ्यांच्या डब्यात आजही पोळ्यांखेरीज एक फडकं असतं. साडेसात वाजले की हात तिकडे जातो. लोकांना मी सांगत नाही. आधीच त्यांना मी विचित्र वाटते.

हिवाळा सुरू झाला होता. व्हरांड्यात काका शाल गुंडाळून बसलेले, मी फोन काढला. बंडूकाकांच्या नातीचा वाढदिवस झाला होता. नव्या फ्रॉकमध्ये ती जिन्यावर उभी होती, एक हात कठड्यावर.

"थांब," काका म्हणाले.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. नाकाशी नेला. लाकडी कठड्याच्या वर एक नवी दांडी बसवलेली होती, रंग थोडा वेगळा, डोळ्यांत भरेल असा. काका उठून आत गेले आणि स्टीलची पट्टी घेऊन आले.

"धर. हलवू नको." पट्टी स्क्रीनवर टेकवून ते पुटपुटू लागले. "पायरी सात इंची धर. इथे चौदा मिलिमीटर. म्हणजे इंचाला दोन. आता कठडा..." त्यांनी परत मोजलं. परत एकदा. "बहात्तर."

"म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"छत्तीस इंच," काका म्हणाले. "कॅमेरा वाकडा असेल तर अर्धा इंच इकडेतिकडे. पण छत्तीस. बंडूनं केला. मी सांगितला तेवढाच केला."

ते खुर्चीत बसले आणि शालीच्या टोकाने तोंड झाकून रडले. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी विचारलं, "मी बंडूकाकांना लिहू का काही? आत्ता, इथेच?"

"नाही," ते शालीआडून म्हणाले. "कार्ड दे."

सोमवार नव्हता, तरी लिहिलं. या वेळी काकूंना काही खोडावं लागलं नाही. 'बंडू, कठडा पाहिला. मुद्दे बरोबर होते, जागा चुकली. जागा माझी चुकली. – दादा.' त्याच पावली छत्री न घेता पेटीपर्यंत गेले.

पंधरा-सोळा दिवसांनी पोस्टमनने फाटकातून हाक मारली, "अंकल जी, आज आपका भी आया है." पोस्टकार्ड होतं. काकांनी ते माझ्या हातात दिलं. म्हणाले, चष्मा सापडत नाही. चष्मा डोळ्यांवरच होता. मी मोठ्याने वाचलं.

'दादा, तुळस हलवली. खिडकीला आतून कडी केली. गच्चीचा उतार मात्र माझ्या डोळ्यांना समजत नाही. लेव्हल घेऊन ये, वहिनीलाही आण. तुझी सगळी कार्डं जपून ठेवली आहेत. अक्षर फार बिघडलं. बाकी ठीक.'

काकांनी माझ्या हातून कार्ड घेतलं, उलटं केलं आणि पत्त्याची बाजू कितीतरी वेळ उन्हात धरून पाहिली.

"पिनकोड चुकवला त्यानं," ते म्हणाले, आणि खिशातली लेव्हल काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागले.